पावावरची बुरशी आणि वारुळावरची अळंबी

प्रश्न : पावावरची बुरशी व वारुळावरची अळंबी एकाच गोतातली कशी?

उत्तर : गोत एक, शाखा भिन्न. पावावरील काळ्या बुरशीचे तंतू आडपडद्यांवाचून सलग असून, दोन अनुरूप तंतू भिडले म्हणजे जाड कवचाचा युग्मबीजाणू निपजतो. त्याच गोताच्या दुसऱ्या शाखेतले, ताडी आंबविणारे एकपेशीय किण्व कळ्या फुटून वाढते. त्याच्या वर्गात लैंगिक बीजाणू पिशवीच्या आत, बहुधा आठ, किण्वात मात्र चारच, जन्मतात. अळंबीचा मामला निराळा : वारुळाच्या पोटातील तंतुजाल हाच तिचा खरा देह असून, आपण जिची भाजी करतो ती छत्री केवळ प्रसूतिगृह होय, जिच्या पात्यांवरील गदाकार पेशींच्या टोकांशी, बाहेरच्या बाजूस, सामान्यतः चार बीजाणू धरतात. उमललेली छत्री रात्रभर काळ्या कागदावर पालथी ठेवावी. सकाळी बीजाणूंचा फिकट गुलाबी ठसा दिसेल.