धावताना आलेली चक्कर अशक्तपणावर ढकलू नका

पोलीस भरतीचा हंगाम आला की पहाटेच्या मैदानावरून थेट दवाखान्यात आणलेली मुलं दिसू लागतात. सोबत मित्र नाहीतर मामा, आणि वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, १६०० मीटर मारताना चक्कर येऊन पडला. खाणं कमी पडतंय. एक सलाईन लावा, ताकदीचं इंजेक्शन द्या." मी आधी ईसीजी काढायला लावतो. नातेवाईक नाराज होतात. होऊ देत.

पळताना, पोहताना, कबड्डी खेळताना किंवा एकदम दचकल्यावर शुद्ध गेली, तर हृदय तपासून नीट आहे असं कळेपर्यंत संशय हृदयावरच घ्यायचा. "पोरगा तालमीतला आहे, त्याला कसलं हार्टचं?" हा समज जीवघेणा आहे. हृदयविकार म्हणजे ब्लॉकेज, आणि ब्लॉकेज म्हणजे पन्नाशी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. तरुणपणी अचानक हृदय थांबतं तेव्हा अनेकदा ब्लॉकेज नसतोच. कुणाच्या हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळे जाड झालेला असतो. असे साधारण ५०० माणसांत एक. कुणाचं हृदय दिसायला अगदी छान असतं, पण त्याची विजेची यंत्रणा बिघडलेली असते. कोलेस्टेरॉलचा नॉर्मल रिपोर्ट यातलं काहीच सांगत नाही. ईसीजी आणि टूडी इको सांगतात, तेही जाणकाराने वाचले तर.

एक मुलगी आठवते, दहावीतली. शाळेच्या शर्यतीत कोसळली, हातपाय झटकले, म्हणून फिट ठरवली गेली. कांदा हुंगवला, हातात किल्ली दिली, मग दोन वर्षं फिटच्या गोळ्या आणि दंडाला गंडा. गोळ्या चालू असतानाही पुन्हा पडली, तीही धावतानाच. ईसीजी तोवर कुणी काढलाच नव्हता. मी काढला, तर क्यूटी नावाचं अंतर चांगलंच वाढलेलं: लाँग क्यूटी सिंड्रोम. घरात कुणी अचानक गेलंय का, असं विचारलं. आई आधी नाही म्हणाली, मग हळूच बोलली, "माझा भाऊ विहिरीत गेला. पट्टीचा पोहणारा होता. गावात म्हणतात, आसरांनी ओढला." याच आजाराच्या एका प्रकारात पोहताना हृदयाचा ताल बिघडतो. आईचा आणि धाकट्या भावाचा ईसीजी काढला. दोघांचाही तसाच निघाला. तिघंही आज बीटा ब्लॉकरच्या गोळीवर व्यवस्थित आहेत.

म्हणून घरातल्या जुन्या मृत्यूंची चौकशी करा. चाळिशीच्या आत झोपेत गेलेला काका, पोहता येत असून बुडालेला भाऊ, "फिट येऊन" गेलेली आत्या. हे आजार बहुधा आई किंवा वडील, एकाकडून जरी आले तरी पुरतात. प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी. एकाला निदान झालं की आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांची तपासणी करायची, काही त्रास नसला तरी. स्नायू जाड होण्याच्या आजारात वाढत्या वयातल्या मुलांचा इको एकदा नॉर्मल आला म्हणून भागत नाही. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. "मुलीचं लग्न जमायचंय, बोभाटा नको" म्हणून तपासणी टाळणाऱ्या आईबापांचा मला खरोखर राग येतो.

आता घाबरून जाऊ नका. प्रार्थनेला उन्हात उभं राहून, रक्त बघून, उपाशीपोटी, आधी घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणारी मुलं बहुतेक वेळा धोक्यात नसतात. निदान झालेल्यांचंही आयुष्य संपत नाही. शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं सगळं होतं. धोका जास्त असेल त्यांना आयसीडी नावाचं यंत्र बसवतात. ते ताल बिघडला की आतूनच शॉक देतं. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन जून २०२१ मध्ये मैदानावर कोसळला. मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला, म्हणून वाचला. आयसीडी बसवून पुढच्याच वर्षी पुन्हा खेळू लागला. तुम्ही किती खेळायचं, हे मात्र तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचं, जिमच्या ट्रेनरने नाही. प्री-वर्कआउट पावडर आणि एनर्जी ड्रिंक बंद. व्हिडिओ बघून अर्जुनसालीचा काढा सुरू करून बीटा ब्लॉकर सोडणारे भेटतात. ही गोळी एकदम बंद करणं स्वतःच धोक्याचं आहे.

समोर कुणी पडला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसती घरघर आहे, तर कांदा आणि चप्पल शोधू नका. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. जवळ बाहेरून शॉक देणारं एईडी यंत्र असेल तर ताबडतोब आणवा.

आणि लाँग क्यूटी असलेल्यांनी मेडिकलवाल्याकडून स्वतःहून गोळी घ्यायची नाही. घशासाठीचं अझिथ्रोमायसिन, उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन, पित्ताच्या गोळीत मिसळलेलं डोम्पेरिडोन, सगळ्यांनी क्यूटी वाढतो. जुलाब-उलट्या झाल्या तर अंगातलं पोटॅशियम घटतं. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. निदानाचा कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी तो दाखवा.