श्रेष्ठत्वाचे माप : सेयर्स की पेटन?

'सर्वश्रेष्ठ कोण?' हा प्रश्न विचारायला सोपा आणि सोडवायला अवघड. मुंबईच्या क्रिकेटमधला सर्वश्रेष्ठ फलंदाज विजय मर्चंट, सुनील गावसकर की सचिन तेंडुलकर, हा वाद वसतिगृहात एकदा सुरू झाला की मध्यरात्र उलटली तरी संपत नाही. अशा वादात आवाज चढतात, आकडे फेकले जातात, आणि शेवटी जो तो आपापले मत घेऊन झोपायला जातो. असे का होते, याचा विचार करताना मला वाटले की वाद आपल्यापासून जरा दूरचा घ्यावा. ज्या खेळाडूंवर लहानपणापासून आपली माया जडलेली नाही, त्यांच्याविषयी बोलताना मन तटस्थ राहणे सोपे जाते. म्हणून प्रस्तुत लेखात मी अमेरिकेतील शिकागो बेअर्स या फुटबॉल संघाचा वाद निवडला आहे. या संघाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कोण? गेल सेयर्स की वॉल्टर पेटन?

खेळाची तोंडओळख

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्यातला चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतांशी हातानेच खेळला जातो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर काटले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे. एक यार्ड म्हणजे आपला कापड मोजण्याचा वार. शंभर यार्डांच्या मैदानाची शेवटची रेषा चेंडूसह ओलांडली की टचडाऊन होतो आणि त्याचे सहा गुण मिळतात.

आघाडीच्या फळीमागे उभा राहून हातात चेंडू घेणारा आणि समोरच्या गर्दीत घुसून धावणारा खेळाडू म्हणजे रनिंग बॅक. आपल्या कबड्डीतील चढाईपटूची येथे आठवण होते. तेच हुलकावणी देणे, तेच अंगावर येणाऱ्यांच्या तावडीतून निसटणे. फरक इतकाच, की चढाईपटू एकटा जातो आणि त्याला परत यावे लागते. रनिंग बॅकला परतायचे नसते, आणि त्याचे साथीदार पुढे राहून प्रतिपक्षाला अडवीत त्याच्यासाठी वाट मोकळी करतात. तो जेथे पाडला जाईल तेथवरचे यार्ड त्याच्या नावावर जमा होतात. म्हणजे त्याच्या प्रत्येक यार्डात साथीदारांचाही वाटा असतो. ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

बेअर्स संघ १९२० साली स्थापन झाला. १९२५ मध्ये रेड ग्रेंज संघात आला आणि त्याला पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीने व्यावसायिक फुटबॉलला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३० मध्ये आलेला ब्रॉन्को नगुर्स्की हा तर दांडग्या ताकदीचा गडी. तथापि त्या काळच्या आकड्यांची नोंदच अपुरी आहे आणि खेळाचे स्वरूपही निराळे होते. म्हणून सर्वसाधारणपणे हा वाद दोघांवर येऊन थांबतो.

दोन नायक

गेल सेयर्स १९६५ साली संघात दाखल झाला. पहिल्याच हंगामात त्याने २२ टचडाऊन केले. एका हंगामातला तो तेव्हाचा विक्रम होता. १२ डिसेंबर १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाविरुद्ध चिखलाने भरलेल्या मैदानावर, जेथे इतरांना उभे राहणे कठीण झाले होते, तेथे त्याने सहा टचडाऊन केले आणि एका सामन्यातील विक्रमाशी बरोबरी साधली. १९६६ मध्ये १,२३१ यार्ड धावून तो सबंध लीगमध्ये पहिला आला. १० नोव्हेंबर १९६८ रोजी त्याच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. शस्त्रक्रियेनंतर तो परतला आणि १९६९ मध्ये १,०३२ यार्डांसह पुन्हा लीगमध्ये पहिला आला. त्या वर्षी त्याच्या संघाने चौदापैकी अवघा एक सामना जिंकला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाचे मोल कळते. १९७० मध्ये डावा गुडघा गेला. १९७२ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याने निवृत्ती पत्करली. एकूण सामने फक्त ६८, आणि धावेचे यार्ड ४,९५६.

वॉल्टर पेटन १९७५ साली आला. पहिल्या सामन्यात तो आठ वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याची बेरीज शून्य यार्ड झाली! पुढे मात्र तेरा हंगाम तो खेळत राहिला आणि दुखापतीपायी फक्त एका सामन्याला मुकला. २० नोव्हेंबर १९७७ रोजी अंगात ताप असताना त्याने मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्ड काटले. हा एका सामन्यातला विक्रम २००० सालापर्यंत टिकला. ७ ऑक्टोबर १९८४ रोजी त्याने जिम ब्राऊनचा १२,३१२ यार्डांचा कारकिर्दीचा विक्रम मोडला, आणि १९८७ च्या हंगामानंतर निवृत्त होताना त्याच्या नावावर १६,७२६ यार्ड होते. तो आकडा २००२ साली एमिट स्मिथने मागे टाकला.

बेरजेची कसोटी

पहिली कसोटी सोपी दिसते. सोळा हजार सातशे हे पाच हजारांहून तिपटीपेक्षा जास्त. मग वाद कसला? पेटनचे पुष्कळसे चाहते येथेच थांबतात. परंतु ही कसोटी खरी मानली तर एक अडचण उभी राहते. २००८ ते २०१५ या काळात बेअर्सकडून खेळलेल्या मॅट फोर्टेचे यार्ड ८,६०२ आहेत. तोही गुणी आणि कष्टाळू खेळाडू. पण तो सेयर्सपेक्षा श्रेष्ठ, असे म्हणणारा जाणकार क्वचितच सापडेल. म्हणजे केवळ बेरीज मोठी असल्याने श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, हे आपण मनात आधीच मान्य केलेले असते. मराठी कवितेचा विद्यार्थी बालकवींना त्यांच्या कवितांची संख्या मोजून कमी लेखत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्या कवीला तसे माप लावणेच चूक.

सरासरीची कसोटी

आता सेयर्सचे चाहते पुढे येतात. दर धावेमागे सेयर्सची सरासरी ५.० यार्ड आणि पेटनची ४.४. मग सेयर्स श्रेष्ठ नाही का?

येथे सांख्यिकीतला एक साधा धडा आहे. सरासरी कशाची काढायची, यावर तिचे उत्तर अवलंबून असते. दर धावेऐवजी दर सामन्याची सरासरी काढली, तर सेयर्सचे सुमारे ७३ यार्ड भरतात आणि पेटनचे ८८. तेच दोन खेळाडू, तेच आकडे, पण निकाल उलटा! कारण सेयर्सला एका सामन्यात सरासरी पंधराच्या आत-बाहेर वेळा चेंडू मिळे, तर पेटनला वीस वेळा. विसाव्या वेळी धावणाऱ्याचे पाय थकलेले असतात, आणि चेंडू कोणाकडे जाणार हे प्रतिपक्षाला पुरते ठाऊक झालेले असते. म्हणून त्याची दर धावेची सरासरी थोडी उतरली तर ती केवळ उणीव समजू नये. तो त्याने उचललेल्या भाराचाही परिणाम आहे.

शिखराची कसोटी

बेरीज आणि सरासरी बाजूला ठेवून प्रत्येकाचे उत्तम वर्ष घेऊ. योगायोगाने येथे तुलना न्याय्य होते, कारण १९६६ आणि १९७७ या दोन्ही हंगामांत चौदाच सामने होते. सेयर्सचे १९६६ चे यार्ड १,२३१ आणि सरासरी ५.४. पेटनचे १९७७ चे यार्ड १,८५२ आणि सरासरी ५.५. याचा अर्थ, शिखराच्या उंचीतही पेटन कमी पडत नाही. 'पेटन म्हणजे नुसते सातत्य, सेयर्स म्हणजे प्रतिभा' ही जी वाटणी सर्रास केली जाते, ती येथे कोसळते.

सेयर्सचा पक्षकार यावर म्हणेल, '१९६८ साल पाहा.' हा मुद्दा वजनदार आहे. त्या वर्षी गुडघा मोडेपर्यंतच्या नऊ सामन्यांत सेयर्सने ८५६ यार्ड काटले आणि सरासरी ६.२ ठेवली. त्याच गतीने चौदा सामने झाले असते तर? त्रैराशिक मांडले तर १,३३० च्या आसपास आकडा येतो. तो मोठा आहे, परंतु पेटनच्या १९७६ च्या १,३९० यार्डांच्याही किंचित खालीच राहतो.

तरीही एक गोष्ट यार्डांत मावत नाही. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. सेयर्स पूर्ण वेगात असताना एका पावलात दिशा बदलतो, आणि ज्याने त्याला धरायचे तो रिकाम्या हवेला मिठी मारतो. पेटनचे तसे नाही. तो अंगावर येणाऱ्याला चुकवण्यापेक्षा पुष्कळदा स्वतःच त्याला धडक देतो आणि पडता पडता आणखी दोन यार्ड काढतो. पहिल्याचे पाहून आपण थक्क होतो, दुसऱ्याचे पाहून आपला ऊर भरून येतो. सेयर्स केवळ ६८ सामने खेळूनही १९७७ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, फुटबॉलच्या गौरव-दालनात गेला. तेथे प्रवेश मिळवणारा तो सर्वांत तरुण खेळाडू ठरला. निवड करणाऱ्यांनीही बेरजेपलीकडचे काही पाहिले, याचा हा पुरावा होय.

'जर' आणि करुणा

या वादात दोन गोष्टी हळूच शिरतात आणि विचार गढूळ करतात. पहिली म्हणजे 'जर'. गुडघे शाबूत राहिले असते तर सेयर्स कोठे पोचला असता? आपण काहीही कल्पना करू शकतो, आणि म्हणूनच ती पुरावा म्हणून चालत नाही. दुसरी म्हणजे करुणा. सेयर्स आणि त्याचा संघमित्र ब्रायन पिकोलो यांच्या मैत्रीवर १९७१ साली 'ब्रायन्स साँग' हा दूरचित्रवाणीपट निघाला. पिकोलो १९७० मध्ये कर्करोगाने गेला होता. तो चित्रपट पाहून असंख्य अमेरिकन लोक रडले. पेटनही १९९९ मध्ये यकृताच्या व्याधीने अकाली गेला. सेयर्स २०२० मध्ये निवर्तला, तोही स्मृतिभ्रंशाशी झुंजून. दोघांच्याही चरित्रात मन हेलावणारे पुष्कळ आहे. परंतु मन हेलावणे वेगळे आणि प्रमाण वेगळे.

मात्र एक न्याय्य शंका शिल्लक राहते. दुखापत हा सेयर्सचा दोष नव्हता. मग जे त्याच्या हातात नव्हते, त्याचे गुण त्याच्या खात्यातून का वजा करावेत? आणि पेटनच्या निरोगी गुडघ्यांचे श्रेय त्याला का द्यावे? माझ्या मते या वादाचे खरे मर्म येथे आहे.

माझा निष्कर्ष

तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातच आपण शिकतो की वाद घालण्यापूर्वी शब्दांचा अर्थ निश्चित करावा. येथे 'सर्वश्रेष्ठ' या एकाच शब्दाखाली दोन निराळे प्रश्न लपले आहेत. एक : चेंडू हातात घेऊन धावण्याची कला कोणी अधिक उंचीवर नेली? दुसरा : संघाला कोणी अधिक दिले? पहिल्या प्रश्नात दुखापतीला जागा नाही. तेथे सेयर्सचे एक वर्ष दुसऱ्याच्या दहा वर्षांसमोर उभे राहू शकते, आणि माझे मत तेथे सेयर्सकडे झुकते. दुसऱ्या प्रश्नात मात्र प्रत्यक्ष दिलेलेच मोजावे लागते. त्यात दैवाचा वाटा असला तरी तो वेगळा काढता येत नाही.

आणि आपला मूळ प्रश्न होता 'या संघाच्या इतिहासातील' सर्वश्रेष्ठ कोण, असा. हे तीन शब्द निर्णायक आहेत. पेटन धावला, त्याने ४९२ वेळा चेंडू झेलला, आठ टचडाऊन तर स्वतः चेंडू फेकून मिळवून दिले, आणि चेंडू दुसऱ्याकडे असताना त्याच्यासाठी अंग पुढे घालून वाट मोकळी केली. हे शेवटचे काम कोणत्याही बेरजेत दिसत नाही. २६ जानेवारी १९८६ रोजी बेअर्सने न्यू इंग्लंडचा ४६–१० असा पराभव करून सुपर बोल जिंकला, त्या दिवशी पेटनच्या वाट्याला एकही टचडाऊन आला नाही. प्रतिपक्षाचे लक्ष त्याच्यावर खिळले होते आणि इतर मोकळे सुटले. त्याला तशी संधी दिली नाही याची खंत प्रशिक्षक माइक डिटका यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. म्हणून संघाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक वॉल्टर पेटन, असे माझे मत आहे. पण ते १६,७२६ या आकड्यामुळे नव्हे.

वाचकांपैकी कोणाचे मत निराळे असू शकेल, आणि ते असावे. माझी विनंती इतकीच, की मर्चंट-गावसकर-तेंडुलकर असो वा आणखी कोणी, पुढच्या वेळी वादाला बसताना आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत हे आधी एकमेकांना सांगावे. निम्मे वाद तेथेच मिटतील. उरलेले निम्मे मात्र रात्र जागवण्याच्या योग्यतेचे असतील.