खेळणाऱ्या मुली आणि एक न सांगितलेली तक्रार

बालरोगतज्ज्ञाकडे काही तक्रारी स्वतःच्या नावाने कधीच येत नाहीत. ‘डॉक्टर, ही दिवसभर पाणीच पीत नाही’, ‘इतकी छान खेळत होती, पण हल्ली मैदानावर जायला नको म्हणते’, असे आई सांगते आणि मुलगी खाली पाहत असते. बारा-तेरा वर्षांपुढील खेळाडू मुलीबाबत असे ऐकले, की मी एक प्रश्न आवर्जून विचारतो : उडी मारताना वा धावताना लघवीचे थेंब गळतात का? पुरुष डॉक्टरला याचे उत्तर देणे मुलीला जड जाते. म्हणून झोप, पाळी, शौच यांविषयीच्या छापील प्रश्नावलीतच तो घातला आहे. खूण करणे बोलण्यापेक्षा सोपे असते.

हा विकार बाळंतपणानंतरचा किंवा उतारवयातला, अशी आपल्यापैकी अनेक वैद्यकांचीही समजूत असते. १९९४ मध्ये अमेरिकेतील १४४ महाविद्यालयीन महिला खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील कोणीही बाळंतपण अनुभवलेले नव्हते. तरीही २८ टक्के जणींना खेळताना हा त्रास होता. जिम्नॅस्टिक्समध्ये हे प्रमाण ६७ टक्के, तर गोल्फमध्ये शून्य आढळले. स्वीडनमधील २००२ ची पाहणी तर आमच्याच वयोगटाची आहे. ट्रॅम्पोलिनवर सराव करणाऱ्या १२ ते २२ वर्षांच्या ३५ मुलींपैकी ८० टक्के मुलींनी सरावात लघवी गळत असल्याचे सांगितले. पंधरा वर्षांपुढील तर प्रत्येकीने. संख्या लहान आहे हे खरे, पण या मुली निरोगी आणि काटक होत्या, हे विसरता येत नाही.

कारण समजण्यासारखे आहे. श्रोणितल म्हणजे ओटीपोटाला खालून झोळीसारखा पेलणारा स्नायूंचा थर. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तो आधार देतो आणि मूत्रमार्ग आवळून धरतो. पाय जमिनीवर आदळताच पोटातील दाब एकदम वाढतो. त्याच्या क्षणभर आधी हा थर आपोआप आकुंचन पावला पाहिजे. शेकडो उड्यांनंतर तो थकतो किंवा उशिरा आवळला जातो, आणि गळती होते. मांड्या-पोटऱ्या पिळदार असल्या म्हणजे हा स्नायूही बळकट असेलच, असे नाही. उलट काही मुलींत तो सतत ताठलेला असतो. लघवी अडखळत होणे आणि पोट साफ न होणे या त्याच्या खुणा. अशा मुलीला आधी स्नायू सैल सोडणे शिकवावे लागते. सरसकट ‘आवळा’ म्हणणे तिथे अपायकारक ठरू शकते.

म्हणून आधी निदान. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग व मधुमेह वगळावा. बद्धकोष्ठता तर मुद्दाम शोधावी. मलाने भरलेला गुदाशय मूत्राशयाला दाबतो आणि केवळ ती दूर केल्यानेही पुष्कळ फरक पडतो. जन्मापासून कपडे सदैव ओलसर राहत असतील, तर मूत्रवाहिनी भलत्या जागी उघडत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. कमरेच्या मध्यभागी खळगा वा केसांचा पुंजका दिसल्यास मज्जारज्जूचा विचार करावा. पाळी थांबली असेल, वजन उतरत असेल, तर आहार खेळाच्या श्रमाला पुरत नाही हे ओळखावे.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले. वायू रोखताना जो भाग आवळला जातो, तो आत व वर खेचायचा. पोट, मांड्या, नितंब सैल ठेवायचे, श्वास चालू ठेवायचा. सहा ते आठ सेकंद आवळून तितकाच वेळ सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. उडीपूर्वी क्षणभर आवळण्याची सवय पुढची पायरी. लघवी मध्येच थांबवून हा व्यायाम करू नये. शक्यतो या विषयाच्या जाणकार फिजिओथेरपिस्टकडून तो शिकावा.

आमच्या माळव्यात मुली खो-खो खेळतात, दोरीच्या मल्लखांबावर चढतात. मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात त्या गळतीच्या धास्तीने पाणी तोडतात, तेव्हा लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो तो वेगळाच. शाळेतले स्वच्छतागृह नकोसे म्हणून सकाळपासून लघवी धरून ठेवणाऱ्या मुलीही यांतच येतात. प्रशिक्षकांना माझे सांगणे असते, की सरावापूर्वी व मध्यंतरात सर्वच मुलींना सुट्टी द्या, एकीला हात वर करायला लावू नका. गणवेश गडद रंगाचा ठेवा. उपचार चालू असताना पॅड लावून खेळायला काहीच हरकत नाही. मात्र तीन-चार महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब करू नये.