तो आकडा माझ्यासाठी नव्हता

“चिरफाड नाही, टाके नाहीत, उद्या घरी.” डॉक्टर हे माझ्या नवऱ्याला सांगत होते. पेशंट मी होते, समोरच बसले होते आणि तेव्हा मला उजव्या कानाने नीट ऐकू येत होतं. डावा आधीच गेला होता. गॅमा नाइफ, म्हणजे किरणांचा उपचार, करायचं ठरलं ते उजव्या बाजूला ऐकण्याच्या नसेवर असलेल्या गाठीवर. ती लहान होती आणि ती वाढतेय असं कुठल्याच एमआरआयमध्ये दिसलेलं नव्हतं.

मी माझ्या वडिलांबद्दल, अप्पांबद्दल सांगितलं होतं. पन्नाशीआधीच त्यांचे दोन्ही कान गेले. चालताना तोल जायचा, तर गावातले लोक ‘पितो’ म्हणायचे. डॉक्टर “हो हो, ते बघू” म्हणाले आणि त्यांनी फाइलचं पान उलटलं. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २ म्हणजे एनएफ २ हे नाव त्या फाइलमध्ये पहिल्या पानापासून होतं. शंभरातल्या नव्वदांहून जास्त गाठी या उपचाराने थांबतात, असं त्यांनी सांगितलं. आम्ही सही केली.

पुढच्या वर्षभरात फोनवरचे आवाज आधी चिरके झाले, मग शब्द कळेनासे झाले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर एमआरआय बघून खूश होते. गाठ वाढलेली नव्हती. मला ऐकू येत नाही, हे नवऱ्याने सांगितलं. “गाठ कंट्रोलमध्ये आहे ना,” एवढंच उत्तर मिळालं, तेही मला कागदावर लिहून. त्यांच्या हिशेबात मी यशस्वी केस आहे. ते वाक्य मला अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या शहरातल्या एका बाईंनी, त्याही न्यूरोसर्जन, पहिल्यांदा नीट समजावलं. नव्वदीचा तो आकडा मुख्यतः एकाच बाजूला, कसलीही आनुवंशिकता नसताना गाठ झालेल्यांचा. एनएफ २ मध्ये गाठ थांबण्याचं प्रमाणही कमी आणि कान टिकण्याचं तर आणखी कमी. इथे बिघाड बाविसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना, शिवाय मेंदूच्या आवरणात आणि मणक्यातही गाठी येत राहतात. हे सगळं आधीपासून माहीत असलेलं ज्ञान आहे. मला सांगितलं नाही, एवढंच.

म्हणून ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारा: “हा आकडा एनएफ २ वाल्यांचा आहे का?” उत्तर लिहून मागा. ‘यश’ म्हणजे गाठ थांबणं की कान टिकणं, तेही विचारा. ऐकू येणारा एकच कान उरला असेल आणि गाठ लहान, शांत असेल, तर ठरावीक काळाने एमआरआय करत थांबणं हाही उपचारच आहे. बेव्हॅसिझुमॅब नावाच्या इंजेक्शनाने काही जणांची गाठ आक्रसते, ऐकणं सुधारतं. ते महाग आहे आणि थांबवलं की गाठ पुन्हा वाढू शकते, पण निदान पर्याय म्हणून त्याचं नाव तरी कानावर पडायला हवं होतं. किरणांमुळे पुढे कॅन्सर होण्याचा धोका फार थोडा, तरी एनएफ २ मध्ये, विशेषतः तरुण वयात, तो विचारात घ्यावा लागतो. आणि किरणांनंतर तीच गाठ कापायची वेळ आली, तर चेहऱ्याची नस सोडवणं अवघड जातं.

ऑडिओग्राम काढताना नुसता आवाज नव्हे, शब्द किती ओळखता येतात तेही तपासून घ्या. मणक्याचा एमआरआय राहू देऊ नका. रिपोर्टसोबत सीडी जपा. उपचारानंतर सुरुवातीच्या वर्ष-दीड वर्षात गाठ तात्पुरती सुजू शकते. एका एमआरआयवरून कोणी ऑपरेशनची घाई केली तर दुसरं मत घ्या. मन खंबीर ठेवा, घरच्यांना सोबत न्या. ओठांवरून बोलणं ओळखायला मात्र कान शाबूत असतानाच शिका, नंतर फार जड जातं.

कॉक्लिअर इम्प्लांटचं माझं बघणं चालू आहे. ऐकण्याची नस कितपत जिवंत आहे यावर ते ठरेल. नसेल, तर थेट मेंदूच्या देठावर बसवायचं यंत्र असतं. १९७९ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा बसवलं, तेही एनएफ २ च्याच पेशंटला.

मुलांमध्ये हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते, हेही आम्हाला त्या बाईंकडूनच कळलं. धाकट्या भावाची तपासणी लगेच केली. त्याच्या दोन्ही बाजूंना लहान गाठी निघाल्या. त्याला चांगलं ऐकू येतं. त्याने अजून कुणालाच हात लावू दिलेला नाही.