उन्हाळ्यातील घरखर्च : हिशेबाचा एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)



आपल्या उरण-पनवेल भागात उन्हाळा हा केवळ सुटीचा काळ नव्हे; तो आगोटीच्या बेगमीचा काळ होय. पाऊस लागण्यापूर्वी तांदूळ, वाल, मीठ-मसाला, कांदे व सुकी मासळी घरात यावी लागते. छपराची डागडुजी उरकावी लागते. लग्नसराईही याच दिवसांत असते. जूनच्या मध्यास शाळा उघडते. आणि १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्यामुळे कोळी बांधवांच्या घरची आवक नेमकी त्याच वेळी थांबते. खर्च अगोदर उभा राहतो, मिळकत मागाहून येते.

पूर्वी या बेगमीचा मोठा भाग घरच्या भाताच्या कणगीतून निघे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील जमिनी संपादन झाल्या. योग्य मोबदल्याच्या मागणीसाठी जानेवारी १९८४ मधील आंदोलनात पाच जणांनी प्राण वेचले. कणगीची जागा रोख पैशाने घेतली. परंतु कणगी उतरू लागली की ती घरातील सर्वांना दिसते. पैसा सरताना तसा दिसत नाही. तो दिसावा, एवढ्याचसाठी हा पाठ आहे. वार्षिक परीक्षेपूर्वी दोन तासिकांत तो घ्यावा.

प्रस्तावना. ‘पावसाळ्यापूर्वी घरात कोणकोणत्या वस्तू भरून ठेवतात?’ असा प्रश्न विचारावा. उत्तरे मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावीत.

विषयविवेचन. एका कल्पित कुटुंबाचा खर्च पुढीलप्रमाणे मांडावा. आकडे आपल्या गावच्या बाजारभावाप्रमाणे बदलावेत.

तांदूळ व वाल : ४,५०० रुपये
मीठ, मसाला, कांदे, सुकी मासळी : ३,००० रुपये
छपराची डागडुजी : २,५०० रुपये
वह्या, दप्तर, छत्री : २,००० रुपये
एकूण : १२,००० रुपये

आता विचारावे, ‘ही रक्कम कोठून आणावी?’ दोन वाटा शेजारी शेजारी मांडाव्यात. पहिल्या वाटेने गेलेले कुटुंब मागील जूनपासून दरमहा १,००० रुपये टपाल कार्यालयात वा बँकेत बाजूस ठेवते. मे महिन्यात रक्कम हाती येते. दुसरे कुटुंब मे महिन्यात दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने कर्ज काढते. महिन्याचे व्याज ६०० रुपये, चार महिन्यांचे २,४०० रुपये. म्हणजे फेड १४,४०० रुपयांची. ‘शेकडा पाच’ हा दर ऐकण्यास लहान वाटतो; वर्षाला तो शेकडा ६० होतो, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. परवान्याविना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही सांगावे.

उपयोजन. ७५ वॅटचे तीन पंखे रोज १० तास चालले तर ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल? (उत्तर : ६७.५ युनिट.) घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात, म्हणून वरच्या टप्प्यातील प्रत्येक युनिट अधिक महाग पडते, हे उदाहरणाने स्पष्ट करावे.

एक महत्त्वाची सूचना. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी हाच पाठ पाहत होतो. शिक्षकांनी प्रत्येकास स्वतःच्या घरचा खर्च लिहिण्यास सांगितले व वह्या वर्गात मोठ्याने वाचून घेतल्या. एका मुलीच्या वहीत शेवटची ओळ होती : ‘आईचे मंगळसूत्र सोडविणे’. ती ओळ वाचावयाची वेळ आली तेव्हा तिने वही मिटली. वर्गात कोणी हसले नाही; पण पुढील तासाला ती मुलगी बाकावर नव्हती. शिक्षकांचा हेतू चांगला होता, आणि त्या वेळी मीही त्यांना थांबविले नाही. तेव्हापासून माझा आग्रह आहे की, फळ्यावरील घर नेहमी कल्पितच असावे. मुलांच्या घरची वही घरीच राहावी. लग्नाच्या वा हळदीच्या खर्चावर वर्गात टीका करू नये. ज्या घरी परवा कार्य झाले, त्या घरचे मूल समोर बसलेले असते. आकडे बोलतील तेवढे बोलू द्यावेत.

सुटीतील स्वाध्याय. प्रत्येकाने आईबरोबर एकदा बाजारास जाऊन पाच वस्तूंचे भाव लिहून आणावेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी जून महिन्यापासून आवक व जावक अशा दोन रकान्यांची वही घरी ठेवावी. ती शाळेत तपासावयाची नाही.

पुढील मे महिन्यात एखाद्या घरी जरी ‘यंदा उसने घ्यावे लागले नाहीत’ असे शब्द निघाले, तरी आपल्या दोन तासिका सार्थकी लागल्या असे समजावे.