जुने टेबल रंगवण्यापूर्वीची तपासणी

जुन्या बाजारातून आणलेले लाकडी टेबल रंगवताना काम बिघडते ते बहुधा रंगाची निवड चुकल्यामुळे नव्हे, तर त्या टेबलावर आधी कशाचा थर बसलेला आहे हे न पाहिल्यामुळे. आणि कोल्हापूर शहराला पूर्वेकडून लागून असलेल्या उचगावात या तपासणीच्याही आधी, टेबलाला पुराचे पाणी लागले होते काय, हा प्रश्न विचारावा लागतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि जुलै 2021 मध्येही शहराच्या अनेक भागांत शिरले, त्यामुळे या परिसरातील जुन्या फर्निचरबाबत ही शंका अनाठायी ठरत नाही. पायांच्या तळाशी आडवी काळपट रेघ, सांध्यांत बसलेला बारीक गाळ आणि ओढताना अडणारा खण या पुराच्या पाण्याच्या खुणा होत, मात्र विक्रेत्याने वरवर मारलेल्या चकचकीत पॉलिशखाली त्या सहज दडतात, म्हणून टेबल उलटे करून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. असे लाकूड उन्हात ठेवल्यास वरचा पृष्ठभाग आतल्या गाभ्यापेक्षा लवकर वाळून आक्रसतो आणि फळी तडकते. ते सावलीत, चारही बाजूंनी वारा लागेल असे, सावकाश वाळवावे लागते.

आधीचा थर ओळखण्याची रीत सोपी आहे. पायाच्या आतल्या, सहसा न दिसणाऱ्या बाजूवर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ दाबून धरावा : थर चिकट होऊन बोळ्याला तपकिरी डाग लागला, तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश आहे असे समजावे, स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने थर विरघळतो, तर ते लॅकर असते, आणि दोहोंनाही जो दाद देत नाही तो बहुधा मेलामाइन, पीयू किंवा पूर्ण वाळलेला ऑइल पेंट असतो, व तो खरवडून वा घासूनच काढावा लागतो. स्टेन, म्हणजे लाकडाच्या छिद्रांत मुरून त्याच्या रेषा न झाकता छटा देणारा रंग, लावायचा असेल तर हे काढणे अटळ ठरते, कारण जुना थर जिथे राहील तिथे स्टेन मुरत नाही आणि टेबलावर फिकट ठिगळे दिसू लागतात. ऑइल पेंटला उघडे लाकूड लागत नाही, परंतु गुळगुळीत जुन्या थराला पॉलिश पेपरने खरबरीत केल्यावाचून मारलेला पेंट पुढे पापुद्र्यांनी सुटतो. सागवानात तर मुळातच तेल असते, म्हणून पहिला हात मारण्याच्या थोडे आधी ते थिनरने पुसून घेणे इष्ट.

घासण्याबाबत एक गोष्ट रंगाऱ्यांकडूनही दुर्लक्षिली जाते. भारतात घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या पेंटमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, म्हणून असा पेंट कोरडा न घासता वॉटर पेपरने ओला घासावा आणि तेही घराबाहेर, मुलांपासून दूर.

पॉलिशसाठी एक लिटर स्पिरिटला साधारण 150 ग्रॅम चपडा पुरतो. तथापि जून ते सप्टेंबर या काळात हे काम हाती घेण्याची घाई करू नये, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होऊन हवेतील बाष्प त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळ पांढरे पडते. कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका हात फिरवल्यास हा दोष बऱ्याचदा जातो, पण पाऊस उघडेपर्यंत थांबणे स्वस्त पडते. ऑइल पेंट दुसऱ्या दिवशी बोटाला लागत नाही, एवढ्यावरून तो आतून कडक झाला असे मानून टेबलावर वर्तमानपत्र पसरले, तर त्याची अक्षरे रंगावर उमटतात. पावसाळी हवेत निदान दोन आठवडे त्यावर काहीही ठेवू नये, आणि गरम भांडे तर त्याहूनही उशिरा.