आव गेली, रक्त का थांबेना?

प्रश्न : आमचे मिस्टर रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये आहेत. मागच्या पावसाळ्यात इथल्या रेंजवर असताना त्यांना आव झाली. ताप, मुरडा गेला. पण संडासवाटे रक्त-शेम पडणं थांबेना. शेवटी कोलोनोस्कोपीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. हा आजार जंतूंमुळेच जडला का? सासूबाईंना तर मुलांनाही लागण होईल, अशी धास्ती आहे.
– एक सैनिकपत्नी, बबीना छावणी

उत्तर : आधी सासूबाईंची धास्ती घालवू. आव लागट असते, कोलायटिस नाही. मुलांना खुशाल बाबांच्या ताटात जेवू द्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नाही. अमेरिकी सैन्यातल्या डॉक्टरांनी 2008 साली आतड्याच्या दाहाच्या 3,019 रुग्णांच्या नोंदी निरोगी सैनिकांशी ताडून पाहिल्या. जंतुसंसर्गाने आधी पोट बिघडलेल्यांत या आजाराची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी जास्त निघाली. डेन्मार्कमध्ये साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर सापडलेल्या 13 हजारांहून अधिक लोकांचा माग काढला, तेव्हा पुढे 1.2 टक्के लोकांना हा आजार झाला. इतरांत हे प्रमाण 0.5 टक्के होतं. दुपटीहून जास्त म्हटलं की छातीत धस्स होतं, पण शंभरातल्या जवळजवळ नव्व्याण्णवांना काहीच झालं नाही, हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय 2011 मध्ये तिथल्याच संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली : तपासणीत जंतू न सापडलेल्यांतही हा आजार पुढे जास्त आढळत होता. म्हणजे काहींच्या आतड्यात तो आधीच धुमसत असणार. जुलाबांच्या निमित्ताने तपासणी झाली, इतकंच.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत यातलं नेमकं काय घडलं, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आवेमुळे हा आजार जडत असेल, तर तो असा जडत असावा : आतड्याच्या अस्तरावर शेमाचा थर असतो. आवेचे जंतू तो विस्कटतात आणि एरवी गुण्यागोविंदाने नांदणारे जिवाणू अस्तराला भिडतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. बहुतेकांत हे लवकरच शमतं. ज्यांची जनुकीय ठेवण तशी आहे, त्यांच्यात मूळ जंतू गेल्यावरही शमत नाही.

याच कुळातल्या क्रोन्सच्या आजारात एकाच जंतूवर बोट ठेवायचा प्रयत्नही झाला. गाई-शेळ्यांच्या जोन्स आजाराचा हा जंतू. तुमच्या उत्तर प्रदेशातच मथुरेजवळ, मखदूमच्या शेळी संशोधन संस्थेत त्यावर काम चालतं. पण ऑस्ट्रेलियात 213 रुग्णांवर दोन वर्षं प्रतिजैविकांचा प्रयोग करूनही टिकाऊ गुण आला नाही (2007).

एक मात्र पाळा. पुन्हा रक्त दिसलं तर घरात उरलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या देऊ नका, आणि कोलायटिसचंच असेल म्हणून स्टिरॉइडही आपल्या मनाने वाढवू नका. एमएचमध्ये (लष्करी रुग्णालयात) आधी संडासाची तपासणी करून घ्या. प्रतिजैविकांनंतर बळावणारा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू त्यात शोधला आहे ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. तो असेल तर औषध वेगळं लागतं.